बारा हजार किलोमीटर, एक पाट

अंकुश बाथरूममध्ये पाटावर बसला होता. पाय समोर लांब सोडलेले, दोन्ही नडग्यांच्या मधल्या खळग्यात तीन किलो तांदळाची पिशवी, तिला वरून प्लास्टिक आणि त्यावर बायकोच्या, शर्मिलाच्या, जुन्या साडीचा तुकडा गुंडाळलेला. उजव्या हाताशी कोमट पाण्याची बादली आणि तांब्या. फोन त्याने उंबऱ्याबाहेर, पाणी उडणार नाही अशा बेताने, भिंतीला टेकवून ठेवला होता. डाव्या हाताने पिशवीचं वरचं टोक, म्हणजे बाळाची मान, धरून तो उजव्या हाताने पाणी सोडत होता, तेवढ्यात फोन वाजला आणि पडद्यावर मुलीचं, अक्षताचं नाव दिसलं. मान न सोडता तो वाकला. तिने इंटरनेटवरचं एक पान पाठवलं होतं. वर निळा नकाशा, त्यावर एक वाकलेली रेघ, या टोकाला नवी मुंबई आणि त्या टोकाला ऑकलंड. खाली अंतर, बारा हजार दोनशे ऐंशी किलोमीटर. त्याखाली विमानाला लागणारा वेळ, अंदाजे पंधरा तास. आणि त्याखाली तिचा मजकूर, मराठीच पण इंग्रजी अक्षरांत: पप्पा, किती लांब आहे बघा. रविवारचं तिकीट कॅन्सल करा. आम्ही करतोय मॅनेज. त्याच वेळी इमारतीवरून विमान गेलं. खिडकीच्या काचेच्या पट्ट्या थरथरल्या, बादलीतल्या पाण्यावर बारीक वळ्या उठल्या. नवं विमानतळ सुरू झाल्यापासून कामोठ्यात हे रोजचं होतं, लोकांनी वर बघणंही सोडलं होतं. पण आज अंकुशला वाटलं, पायांवरची पिशवी हलली.

त्याने ते पान पुन्हा वाचलं. ती रेघ खाडीवरून, बंगालच्या उपसागरावरून, पुढे ऑस्ट्रेलियाच्या अंगावरून एका दमात जात होती, मध्ये कुठे टेकत नव्हती. असं विमान नव्हतंच. हे त्याला चांगलं ठाऊक होतं, कारण तिकीट काढण्याआधी महिनाभर त्याने दुसरं काही केलं नव्हतं. घराच्या गच्चीवरून दिसणाऱ्या या विमानतळावरून अक्षताच्या गावाला जाता येत नव्हतं. आधी टॅक्सी करून मुंबईच्या जुन्या विमानतळावर जायचं, तिथून सिंगापूर, सिंगापूरला अर्धा दिवस बाकड्यावर, मग पुन्हा रात्रभर विमान. पंधरा तास हा नुसता हिशेब होता, दोन ठिकाणांमधलं अंतर विमानाच्या वेगाने भागून काढलेला. हिशेबातलं विमान कुणालाच मिळत नाही. पण ते जास्तीचे तास धरूनही अंकुश घाबरला नव्हता. तळोज्याच्या केमिकल कंपनीत त्याने जन्म काढला होता, रिॲक्टरवर ऑपरेटर म्हणून, आणि तिथे वेळ मोजायची रीत वेगळी होती. आठ तासांची एक ड्युटी. जागा घ्यायला रिलीव्हर आला नाही तर दुसरी. तोही आला नाही तर तिसरी. समोरचा माणूस येऊन, मीटर बघून, चार्ज घेतल्याशिवाय पॅनलवरून उठायचं नाही, मग घरी लग्न असो की मयत. ऑकलंड म्हणजे साधारण चार ड्युट्या, आणि त्यातही बसून. जेवण हातात आणून देणार. सोसायटीचे सेक्रेटरी जोतीराम त्याला म्हणाले होते की वयाची साठी उलटल्यावर असा प्रवास झेपत नाही, रक्ताच्या गुठळ्या होतात. अंकुशने त्यांना सांगितलं होतं की उभ्याने केलेल्या तिसऱ्या ड्युटीत झाल्या नाहीत त्या बसून कशा होतील. हे बोलताना त्याला स्वतःचा आवाज आवडला होता. वर्षभराने तो असा बोलला होता.

वर्षभराने, कारण मागच्या वर्षी शर्मिला गेली. भाजी आणायला खाली उतरली आणि मेथीची जुडी हातात धरूनच बसली, ती बसलीच. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. लोक म्हणाले, पुण्यवान बाई, त्रास नाही झाला. अंकुशला ते पटलं नाही. त्याच्या मनात तेव्हा एकच गोष्ट आली होती आणि ती त्याने कुणाला सांगितली नाही, कारण ऐकणाऱ्याला ती चमत्कारिक वाटली असती. त्याच्या मनात आलं की ही चार्ज न देता गेली. गॅसचा नंबर कुठल्या नावावर आहे, हळद कुठल्या डब्यात आहे, गावच्या मंडळाची वर्गणी कुणाकडे भरायची, काही म्हणजे काही सांगितलं नाही. रागच आला होता त्याला. मग कंपनीतली सवय कामाला आली. चार्ज मिळाला नाही म्हणून प्लांट थांबत नाही. आत जायचं, सगळे मीटर बघायचे आणि कामाला लागायचं. तो स्वयंपाकघरात शिरला, एकेक डबा उघडून त्याने वास घेतला, आणि आठवड्याभरात त्याला सगळं सापडलं. घर चालू लागलं. भाकरी थोडी जाड होते, एवढंच.

अक्षता तेव्हा आली होती. म्हणजे निघाली होती. तिला फोन केला तेव्हा तिकडे रात्र होती. मंडणगडहून गावची मंडळी निघाली होती, मंडळाचे मुंबईतले लोक घरात बसले होते, बौद्धाचार्य येऊन थांबले होते, आणि जो तो हळू आवाजात हेच विचारत होता की मुलगी कधी पोचते. कुणीतरी मोबाइलवर बघून सांगितलं, पंधरा तास. मग बर्फाची लादी आणू या, थांबू या, असं ठरत होतं. अक्षतानेच सिंगापूरहून फोन करून सांगितलं की थांबू नका, पुढचं विमान कधी सुटतं ते कुणी सांगत नाहीये. ती दारात आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. अंकुशला त्यातलं एवढंच आठवत होतं की लिफ्ट बंद होती आणि तिच्या बॅगेचं एक चाक मोडलेलं होतं, ते जिन्यावर प्रत्येक पायरीला आपटत वर येत होतं, आणि तो आवाज ओळखून त्यानेच उठून दार उघडलं. आईचा जलदानविधी होईपर्यंत ती राहिली. जाताना तिने घरातली एकही वस्तू नेली नाही, आईची साडीही नाही. दिवस गेल्याचं तिने तिथून फोन करून सांगितलं तेव्हा तिसरा महिना होता. अंकुशने फोन ठेवला आणि शर्मिलाच्या कपाटातून जुन्या मऊ सुती साड्या काढून पलंगावर घातल्या. दुपट्यांना लागतात एवढं त्याला माहीत होतं.

पहिलं बाळंतपण माहेरचं. मुलगी येऊ शकत नसेल तर माहेराने तिकडे जायचं. कामोठ्यातल्या किती बायका त्याच्या डोळ्यांदेखत बॅगा भरून अमेरिकेला, दुबईला गेल्या होत्या आणि सहा महिन्यांनी गोऱ्या होऊन परतल्या होत्या. बायकाच. माहेरात आता तो एकटाच उरला होता, म्हणून माहेर म्हणजे तो. त्याला यात काही अडचण दिसली नाही. अडचण बाकीच्यांना दिसली. जोतीरामनी लिफ्टमध्ये सगळ्यांसमोर विचारलं की अंकुशराव, तुम्ही बाळंतपण करायला चाललात की करून घ्यायला, आणि लिफ्ट तळमजल्यापर्यंत हसत गेली. अंकुशही हसला. मग तो सरळ जुई गावात चांगुणामावशीकडे गेला. मावशी आगरी, पंचाहत्तरी ओलांडलेली, हाडाने काटक. आसपासच्या पाच-सहा सेक्टरमधली निम्मी पोरं तिच्या पायांवर अंघोळ करून मोठी झालेली. तिने आधी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या पायांकडे.

“बापयान बालंतपन केलेला मी अजून बगला नाय,” ती म्हणाली. “बस. पाय सोर.”

त्याने पाय सोडले. मावशीने त्याच्या नडगीवर बोट मारून बघितलं, कलिंगड बघतात तसं. हाड वर आलंय, पोराला टोचेल, म्हणून पायांवर कापडाची घडी घालायला सांगितली. घरी जाऊन तांदळाच्या पिशवीवर सराव कर म्हणाली, पण पिशवी ओली करून, कारण ओलं पोर निसटतं. तांदूळ रडत नाही, हाच एक त्याच्यात दोष. दुसऱ्या खेपेला तो पाणी मोजायला थर्मामीटर घेऊन गेला. कंपनीत त्याने अंदाजाने कधी काही केलं नव्हतं. मावशीने ती कांडी हातात घेऊन उलटसुलट केली आणि खिडकीत ठेवून दिली.

“पानी कोपरान बघाचा. कोपराला खोटा बोलता येत नाय.”

तेव्हापासून तो रोज सकाळी अकराच्या सुमाराला पाटावर बसत होता. आधी पाय, मग पोट, मग पालथं घालून पाठ, डोकं सगळ्यात शेवटी. पालथं घालताना तळहात छातीखाली आणि अंगठा हनुवटीशी. पहिल्या आठवड्यात पिशवी दोनदा फरशीवर पडली होती. आता पडत नव्हती. हात शिकले होते. हातांना वयाचं काही वाटत नाही, ते सांगितलेलं शिकतात. आणि खरं तर यातलं अर्धं त्याने आधी पाहिलेलं होतं. अक्षता झाली तेव्हा ते कळंबोलीला भाड्याच्या खोलीत होते. सासूबाई पाटावर बसायच्या आणि तो नाइट ड्युटीवरून आला की कपडे न बदलता पाणी घालायला उभा राहायचा, कारण पाणी घालायला दुसरं कुणी नव्हतं. सव्वा महिना त्याने पाणी घातलं. धार तुटू द्यायची नाही, नाकावर जाऊ द्यायची नाही. शर्मिला पलीकडे खाटेवर पडून तोंडाने सूचना द्यायची, डोळे मिटलेले असायचे, नुसत्या आवाजावरून तिला कळायचं की धार कुठे पडते आहे. आता पाणी घालणाराही तोच आणि पाटावरचाही तोच होता, आणि खाटेकडून आवाज येत नव्हता. कधी कधी तो धार मुद्दाम थोडी वाकडी सोडायचा. काही होत नसे. पाणी मोरीच्या तोंडाशी गोल फिरून खाली जायचं.

डाव्या पायाला मुंग्या येऊ लागल्या होत्या. त्याने पाय हलवला नाही. बाळ येऊन सहा दिवस झाले होते. अक्षताने दिलेली तारीख पुढच्या आठवड्यातली होती आणि त्याच हिशेबाने त्याने रविवारचं तिकीट काढलं होतं, पण पोरगी पंधरवडा आधीच आली, तीन किलोची, काळ्याभोर केसांची. म्हणून तांदूळही तीन किलो. आधी तो अडीच घेत होता. जावई सुगतने व्हिडिओवर दाखवलं, एक नर्स घरी येते, प्लास्टिकच्या निळ्या टबमध्ये दिवसाआड अंघोळ घालते. टब वाईट नव्हता. पण त्या टबात पोरगी एकटी होती. चहूबाजूंनी गुळगुळीत प्लास्टिक, अंगाला अंग कुठे नाही. सुगत म्हणाला होता की पप्पा तुम्ही नका टेन्शन घेऊ, इथे सिस्टम मस्त आहे. सुगत चांगला मुलगा होता, लातूरकडचा, कमी बोलणारा. त्यानेच सामानाचंही सांगितलं होतं. त्या देशात बिया चालत नाहीत, घरचं तूप चालत नाही, विमानतळावर एकेक पुडी उघडून बघतात आणि फेकून देतात. मग अळीव राहिले, डिंकाचे लाडू राहिले, वेखंड राहिलं. अंकुशने सगळं बॅगेतून काढून शेजारच्या अरुणाताईंना देऊन टाकलं. बॅगेत उरली दुपटी, आणि सोबत न्यायला हा पाट. लाकूडही दाखवावं लागतं, असं कळलं तेव्हा त्याने पाट घासून, उन्हात वाळवून घेतला, आणि ठरवलं की तो दाखवायचा. सागाचा आहे, कीड नाही. साहेब कोण असेल त्याला पाटावर बसून दाखवू. या पाटावर अक्षताची अंघोळ झालेली आहे, हे मात्र कुठल्या खिडकीवर सांगायचं ते त्याला कळलं नव्हतं.

हे सगळं असं नीट लावून झालेलं असताना हे पान आलं. तिकीट कॅन्सल करा. तो पुन्हा त्या रेघेकडे बघत राहिला. तिने अंतर पाठवलं होतं, पण अंतर तर तिला आधीपासून माहीत होतं. चार वर्षं ती तिथे राहत होती. मग आज का? कंपनीत एखादा मीटर आपलं सोडून दुसऱ्याचंच माप सांगायला लागायचा. टाकीत माल कमी झालेला असायचा आणि काटा हलायचा दाबाचा. नवी पोरं दाबाच्या मागे लागायची. जुना माणूस टाकीत वाकून बघायचा. अंकुशने ओल्या बोटाने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिकडे संध्याकाळ झालेली असणार.

“बघितलं का पप्पा?” तिने विचारलं. आवाज झोप न झालेला.

“बघितलं. पंधरा तासांचं असं विमान कुठलं नाहीये.”

“तेच तर. त्याहून जास्त लागतात. तुमचे पाय सुजतात.”

“आत्ता कुठे सुजलेत. पाटावर बसलोय.”

कशाला, असं तिने विचारलं आणि त्याने तांदळाचं सांगितलं. वजन, ओली पिशवी, चांगुणामावशी, थर्मामीटर. हे तिला त्याने आजवर सांगितलं नव्हतं. ती हसली, बराच वेळ हसली, आणि हसता हसता तिचा आवाज बदलला. पलीकडे सुगत काहीतरी विचारत होता, ती त्याला नाही म्हणाली. मग तिने इतर कारणं सांगायला सुरुवात केली. घर लहान आहे, थंडी वाजेल, सुगतची सुट्टी आहे, एकट्याने सिंगापूरला गोंधळ होईल. अंकुश प्रत्येकाला बरं म्हणत गेला. कारणं संपली तेव्हा फोनमध्ये नुसता श्वास ऐकू येत होता, आणि त्याच्या मागे दुसरा एक बारीक श्वास.

“अंतराचं नाहीये पप्पा,” ती म्हणाली. “त्या दिवशी मी आले ना, तेव्हा तुम्ही दार उघडलंत. आई कायम तुमच्या आधी दाराशी यायची. तुम्ही मला तिच्या खांद्यावरून दिसायचात. त्या दिवशी तुम्ही एकटे उभे होतात आणि तुमच्या मागे सगळं घर दिसत होतं, पार गॅलरीपर्यंत. मला तेव्हा खरं वाटलं, त्याआधी नाही. आता तुम्ही इथे येणार आणि माझ्या दारात तसेच उभे राहणार. मला नाही बघवणार.”

अंकुशचा हात पिशवीच्या मानेखाली होता तसाच राहिला. त्याने सिंगापूरची गेटं पाठ केली होती, कुठे वळायचं, कुठे पट्टा सरकतो, कुठे पासपोर्ट दाखवायचा. शेवटच्या दाराचा त्याने विचारच केला नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर ते दार आलं, पांढरं, लाकडी, व्हिडिओत पाहिलेलं, आणि त्यात एक माणूस, हातात बॅग, बगलेत पाट. त्या माणसाच्या शेजारी एक माणूसभर जागा मोकळी होती. ती जागा त्यालाही दिसली. बारा हजार किलोमीटर कुठूनही गेलं तरी शेवटचं पाऊल तिथेच पडणार होतं. काही क्षण त्याला वाटलं, खरंच नको. पायाच्या मुंग्या आता गुडघ्यापर्यंत चढल्या होत्या, पाय आपला नाही असं वाटत होतं, आणि त्या आपल्या नसलेल्या पायांवरचं वजन तेवढं जाणवत होतं. तीन किलो, बरोबर मधोमध. आणि तिथून त्याला उत्तर सुचलं.

“दार कोण उघडतं तुमच्याकडे?”

“सुगत उघडेल.”

“मग तू येऊच नकोस दाराशी. आतल्या खोलीत बस. बाहेरून आलेल्याने पाय धुतल्याशिवाय पोराजवळ जायचं नसतं, ते तसंही आहे. मी सरळ बाथरूममध्ये जाणार. पाय धुणार, पाट मांडणार, बसणार. पाय सोडून झाले की हाक मारीन. मग तू तिला घेऊन ये आणि पायांवर ठेव. दारात उभा असलेला माणूस एकटा दिसतो अक्षू. पाटावरच्या माणसाच्या पायांवर पोर असतं.”

इकडे आणखी एक विमान आलं, काचेच्या पट्ट्या वाजल्या, आणि तो आवाज फोनमधून तिकडे गेला असावा, कारण तिकडे बाळ दचकून रडायला लागलं. अंकुशने ते रडणं पहिल्यांदाच नीट ऐकलं. घसा चांगला होता. अक्षता तिला थोपटत होती, फोन कुठेतरी चेपला गेला होता, थोपटण्याचा आवाज जवळून येत होता आणि तिचा लांबून.

“पाणी कुणी घालायचं मग?” तिने विचारलं. “आई म्हणायची, माझ्या वेळी तुम्ही घालायचात आणि ती डोळे मिटून सांगायची.”

“आता तू घाल. मी सांगेन कुठे सोडायचं ते.”

“डोळे मिटून?”

“उघडे ठेवून. मला तुझ्या आईएवढं नाही येत.”

ती पुन्हा हसली, या वेळी थोडंच. बाळ गप्प झालं होतं. मग ती हळू आवाजात म्हणाली, “सुगतला सांगते दार उघडंच ठेवायला. बेल नका वाजवू, ती झोपलेली असेल.”

फोन बंद झाला. पडद्यावर पुन्हा ते पान आलं, निळा नकाशा आणि वाकलेली रेघ. त्याने ते मिटलं. तांब्या उचलला, तर बादलीतलं पाणी निवलं होतं. डाव्या हातातली मान न सोडता त्याने उजवं कोपर आत बुडवून बघितलं, नाही म्हणून मान हलवली, आणि गरम पाण्याचा नळ सोडला.